गच्चीवरचे ड्रम आणि दिंडोरीची द्राक्षं

आई, गच्चीवरचे कंपोस्टचे ड्रम वाचले. तू जाऊन इतकी वर्षं झाली, ते ड्रम तू पाहिलेलेही नाहीस, तरी हे पहिल्यांदा तुलाच सांगावंसं वाटलं.

झालं असं, की खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे दिंडोरीहून द्राक्षं आली. क्रेटच्या क्रेट, अवकाळीने तडकलेली. खाऊन उरली ती वाया नको म्हणून मी सगळी ड्रममध्ये ओतली. चार-पाच दिवसांत गच्चीवर आंबूस वास आणि चिलटंच चिलटं. काकूच जिन्यात म्हणाल्या, "काय गं, वर वायनरी काढलीस का? आम्हाला बोलाव तरी!" मी हसले. सोसायटीचे चेअरमन हसले नाहीत. "मॅडम, रविवारच्या मीटिंगपर्यंत वास गेला नाही तर ड्रम भंगारात." अख्ख्या बिल्डिंगला ओला कचरा वेगळा ठेवायला मीच लावलं होतं. आता सगळं पुन्हा एकाच पिशवीतून घंटागाडीत गेलं असतं आणि माझं परत कुणी ऐकलं नसतं. मला काळजी कचऱ्याची आहे की माझ्या शब्दाची, हेही तेव्हा धड सांगता आलं नसतं.

मग मनमाडचं रेल्वे क्वार्टर आठवलं. परसात तुझा खताचा खड्डा. मी शाळकरी, कलिंगडाच्या सालींची बादली त्यात उपडी करतेय, आणि तू पिठाच्या हातांनी दारात येऊन ओरडतेस, "अगं, नुसती आमटी पितेस का तू? भाकरी लागते ना सोबत? मग त्यालापण दे की!" भाकरी म्हणजे कडुनिंबाचा वाळका पाला.

इथे खाली कॉलनी झाडणाऱ्या मावशी गोळा केलेला पाला पेटवायच्याच बेतात होत्या. तो पोत्यांत भरून वर नेला. द्राक्षांचा लगदा घमेल्यात काढून पाल्यात कालवला, रोज खालीवर करत राहिले. शनिवारी काकू ड्रममध्ये डोकावल्या, नाक न धरता. "मातीचाच वास येतोय की गं." मी तिथेच पायरीवर बसले. इतकं हलकं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

हे वहीतच राहणार आहे, म्हणून सांगते. काल मीटिंगमध्ये चेअरमननी विचारलं, "हे शिकलात कुठे?" मी म्हणाले, "यूट्यूबवर." तुझा विषय काढला असता तर तिथेच रडले असते, आणि ड्रम ठेवायचे का, यावर लोकांचे हात वर व्हायचे अजून बाकी होते.