राजा अवघडला आहे

६ जानेवारी २०२५, सोमवार

साहेबांचा मासा फुगला आहे! प्राचार्यांनी तास सुरू असताना बोलावलं. मला वाटलं प्रॅक्टिकलच्या सामानाचं काही असेल. नाही. फ्लॉवरहॉर्न. तळहाताएवढा, लालभडक, डोक्यावर टेंगूळ. नागपूरच्या कुणा वास्तुवाल्याने आणून दिला, केबिनच्या ईशान्य कोपऱ्यात ठेवायला लावला. नाव राजा. राजा आल्यापासून म्हणे कॉलेजचं नशीब पालटलं. मला पालटलेलं काही दिसत नाही — मुलींच्या बाथरूमला अजून कडी नाही.

"मॅडम, तुम्ही झूलॉजीच्या. बघा याच्याकडे." जशी काही मी गुरांची डॉक्टर!

पोट टम्म. तळाशी बसून आहे. तीन दिवस खाल्लं नाही. जलोदर असावा — पोटात पाणी. साहेबांना तसं सांगितलं. त्यांनी 'जलोदर' हा शब्द दोनदा उच्चारून पाहिला. आवडला असावा.

७ जानेवारी

आरमोरीतली शिकलेली माणसं! मराठीच्या सरांनी टाकीत चिमूटभर हळद टाकली. ग्रंथपालांनी तुळशीची पानं. आणि कुणीतरी — कबूल कोणी करत नाही — तापाची अर्धी गोळी. तळाशी विरघळताना दिसली.

सगळं पाणी बदललं. खडेमीठ मोजून घातलं. हातांना वास अजून आहे.

८ जानेवारी

केबिन झाडणारी सुगंधाबाई म्हणाली, "मॅडम, राजा अवघडला आहे. बेमार नाही."

(सुधारून लिहिलं. तिचं बोलणं जसंच्या तसं कागदावर आणवत नाही. इथल्या बायका स्वतःला 'मी येतो, मी जातो' म्हणतात, आणि बाकी जगाचं लिंग मनाला येईल तसं ठरवतात.)

अवघड आहे हे मलाही दिसतंय, बाई! त्यासाठी एम.एस्सी. केलं मी. ती मासेमाराच्या घरातली. पण मासा पकडणं वेगळं, मासा समजणं वेगळं.

आई असंच बोलायची, गोंडपिपरीला. नागपूरच्या होस्टेलात पहिल्या महिन्यातच मी ते 'मले' आणि 'काऊन' घासून काढलं. हे लिहिताना बरं वाटत नाही. पण इथे तरी खोटं कशाला लिहू?

१० जानेवारी

राजा खडी उकरतो आहे. तोंडाने खडे उचलतो, बाजूला फेकतो. अंगाला खाज असेल, जंतू असतील. नागपूरहून औषध मागवलं.

जलोदरात खवले फणसाच्या सालीसारखे उभे राहतात. उभे आहेत का? चष्मा लावून पाहिलं — थोडे. चष्मा काढून पाहिलं — नाही. चष्मा लावून पाहिलेलंच खरं धरायला हवं.

१३ जानेवारी

टाकीत फरशीचा तुकडा! बांधकामातला उरलेला, सपाट, पांढरा. सुगंधाबाईंचा प्रताप. साहेबांसमोरच विचारलं.

"राहू द्या नं मॅडम. सपाट जागा पायजे."

"कशाला?"

"पायजे." आणि साहेबांकडे पाहून तोंडाला पदर. हसत होती!

साहेब म्हणाले, "वास्तूत सपाट दगड चालतो का, विचारून घेतो." देवा! — म्हणजे, ज्या देवाला मी मानत नाही, त्यालाच हाक मारायची वेळ या माणसाने आणली. फरशी काढली. सिमेंट लागलेलं होतं, पाणी खराब होतं त्याने.

१४ जानेवारी

फरशी पुन्हा आत. पुन्हा काढली. या वेळी खिडकीतून बाहेर.

१६ जानेवारी

औषधाने काही नाही. बाजूवर कलंडतो, मग धडपडून सरळ होतो. बघवत नाही.

साहेबांना स्पष्ट सांगितलं — हा वाचणार नाही, त्याला त्रास होतोय, शांतपणे संपवता येतं. माणूस केवढा दचकला! "तेवीसला तपासणी समिती आहे, मॅडम. तोवर टिकवा. नंतर बघू."

"त्याला वेदना होतात, सर."

"वेदना कोणाला नाहीत? मला नाहीत?"

समितीसाठी भिंतींना रंग, कुंड्यांना गेरू आणि माशाला श्वास. बाहेरून दिसलं की झालं.

१९ जानेवारी, रविवार

सकाळी बुद्धवंदनेत पहिल्याच शीलापाशी अडखळले. पाणातिपाता वेरमणी. जीव घेणार नाही. रोज म्हणते. आणि चार दिवसांपासून मनात एक जीव घ्यायचं घोळवते आहे.

धम्मदीपला विचारलं. नवऱ्याला विचारू नये ते विचारलं. तो ताटातली मरळ निवडत होता. "हिच्या वेळी नाही विचारलं तू?" काटा बाजूला ठेवून म्हणाला, "ही त चांगली धडधाकट होती बिचारी."

दोघं हसलो. मग मी जेवू शकले नाही. मग जेवले.

त्याचं म्हणणं चुकीचं नाही, हाच राग आहे. खायला मारलेला मासा आपण मारलेला नसतो, बाजारातल्या बाईने मारलेला असतो. किती सोयीचं. पण राजाला मारायचं तर माझ्या हाताने. म्हणून मला दया वाटते आहे की फक्त भीती?

२१ जानेवारी

आज तोंड लावून तळाजवळची काच घासत होता. एकाच जागी, वरून खाली, पुन्हा वरून खाली. वेड लागलंय त्याला. दुखण्याने लागतं.

२३ जानेवारी

समिती आली, चहा प्याली, गेली. अध्यक्षबाईंनी टाकीपाशी थांबून म्हटलं, "किती निवांत आहे हो हा!" साहेब म्हणाले, "आमच्या संस्थेचं वातावरणच तसं आहे." मी मागे उभी होते. ओठ चावून रक्त काढलं.

२४ जानेवारी

"आता काय ते करा, मॅडम. नवीन सांगून ठेवलाय."

नवीन! खुर्चीची गादी बदलावी तसा. या माणसापुढे त्या जिवाला आणखी एक दिवस ठेवायचा नाही. ठरलं. ठरताना बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून पुन्हा तपासलं — मी माशासाठी करते आहे की साहेबांवर दात आहे म्हणून? रात्रीपर्यंत विचार करून लिहिते: माशासाठी. बहुतेक.

सुगंधाबाईला सांगितलं, उद्या करणार. तिने हातातला कप खाली ठेवला. "आठ दिस थांबा नं. थे मोकळं होऊन जाईन." म्हटलं, तेच करते आहे, बाई, मोकळं. तिला पुढे काही बोलायचं होतं, पण साहेबांनी बेल वाजवली.

२५ जानेवारी, शनिवार

झालं.

मेडिकलमधून लवंगेचं तेल आणलं, दातदुखीवर देतात ते. कोमट पाण्यात घुसळून पांढरं केलं, बादलीत थोडं थोडं ओतलं. आधी गुंगी, मग कल्ले थांबले. धडपड नाही. वीस मिनिटं हात पाण्यात ठेवून बसले. प्रयोगशाळेला लवंगेचा वास, मसालेभातासारखा. सुगंधाबाई उद्याच्या झेंड्यासाठी मैदान झाडायला गेली होती. ते बरंच झालं.

मनात द्वेष नव्हता. हेतू महत्त्वाचा, असंच शिकले आहे. या सगळ्या कॉलेजात त्याच्याकडे मासा म्हणून पाहणारी मी एकटी होते. एवढं मी स्वतःला देऊ शकते.

फ्रीजमध्ये ठेवला. सोमवारी फॉर्मालिनमध्ये. मुलांना दाखवायला जलोदराचा नमुना होईल.

२७ जानेवारी, सोमवार

फॉर्मालिन आत जावं म्हणून पोटाला चीर दिली. अंडी. पिवळट, दाट, कात्री लावताच ट्रेभर सांडली. पाण्याचा थेंब नव्हता.

सुगंधाबाई बरणी धरून उभी होती. "मी त तवाच सांगतलो, मॅडम. अवघडली हाये थे."

घरी येऊन आठ तारखेचं पान काढलं. 'अवघडला' — माझ्या अक्षरात, ठळक. सुधारायला पेन उचललं. ठेवलं.