बायांच्या खेळाला तू बोलायचीस

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी वयानं तुझ्यापेक्षा मोठी आहे. तुला काही सांगायचं तर पुन्हा लहान व्हावं लागतं, आणि ते मला जमलं नाही. आज दुपारी घरात कुणी नाही, सुना लग्नाला गेल्यात. लिहून बघते.

कापूस वेचून झाला, पौष लागला, की जवळा बाजारच्या माळावर अण्णांचा तंबू उभा राहायचा. वर्षातून एकदाच, आठ दिवस. देव नाही, नवस नाही, तरी लोक त्याला सिनेमाची जत्राच म्हणत आणि लांबलांबून बैलगाड्या जुंपून येत. दिवाळी झाली की अण्णा हिंगोलीहून मोटारीनं अकोल्याला, तिथून रेल्वेनं अमरावतीला जायचे आणि भाड्यानं आणलेल्या सिनेमांच्या टिनाच्या पेट्या घेऊन परतायचे. लोकांना वाटायचं, निवड अण्णांची. पण काय आणायचं आणि कुठल्या दिवशी लावायचं हे त्यांच्या निघण्याआधीच चुलीपुढं ठरलेलं असायचं. भाकरी थापता थापता तू सांगायचीस, "पहिल्या दिवशी देवाचं दाखवा. देव पाहून सासवा खूश झाल्या म्हंजे दुसऱ्या दिवशी सुनांला सोडतील." बाजाराच्या दिवशी गड्यांसाठी मारामारीचं, मग घरसंसाराचं, आणि शेवटी लोक पुन्हा मागतील ते. अण्णा विचारायचे, "आन माझ्या आवडीचं?" तू भाकरी उलटवत म्हणायचीस, "तुमच्या आवडीचं तुमी अमरावतीतच बघून या."

तेव्हा पडद्यावरची माणसं बोलत नसत. मधेच अक्षरं यायची, ती मोठ्यानं वाचून सांगायला अण्णांनी एक माणूस ठेवला होता. दिवेलागणीला बायांचा वेगळा खेळ असायचा. त्या खेळाला त्याचं सांगणं बायांना पटेना. बाप्यासमोर हसताही येईना, रडताही येईना. एका वर्षी त्यांनीच तुला पुढं ढकललं. मामानं तुला पोथी वाचण्यापुरतं शिकवलं होतं, तेवढ्या जोरावर तू पडद्याच्या बाजूला उभी राहिलीस. डोक्यावरचा पदर दातांत धरून सुरुवात केलीस आणि थोड्याच वेळात दातांतला पदर कधी सुटला ते तुला कळलंही नाही. मशीनवाले चाचा दर वर्षी कनातीमागून विचारायचे, "भाभी, चालू करूं क्या?" तुझा होकार आल्याशिवाय ते हँडलला हात लावत नसत.

तू अक्षरं वाचायचीस, पण त्यांच्यावर थांबायची नाहीस. एका चित्रात नवऱ्यानं टाकलेली बाई शेवटी विहिरीत उडी घेते. तंबूत हुंदके सुरू झाले, तशी तू म्हणालीस, "उन्हाळ्याची हीर हाय बायांनो, पानी कमरेएवढंच हाय. ती निघंल आन लेकराला घेऊन माहेराला जाईल." बाया डोळे पुसून हसायला लागल्या. घरी आल्यावर अण्णा म्हणाले, "अगं, चित्रात ती मेली की." तू म्हणालीस, "तुमच्या चित्रात मेली असंल. ह्या बाया तिला तिथं टाकून घरी जानार व्हत्या व्हय?" पुढं बोलपट आले, अण्णांनी तेही आणले. पण बायांच्या खेळासाठी ते शोधून जुना मूकपटच आणत राहिले. बाया पडद्यासाठी येत नव्हत्या, तुझ्यासाठी येत होत्या. हे अण्णांना कळत होतं.

मग माझं स्थळ आलं. पुसेगावचं, मोठ्या जमिनीचं घर. मुलगा हिंगोलीला शिकलेला. होणारे सासरे ओसरीवर बसले होते, आपण दोघी दाराआड. ते म्हणाले, "पोरगी पसंत हाय आमाला. पर तुमची मंडळी तंबूत उभं राहून बोलतेत म्हनं. आमच्या घराण्याला ते बराबर दिसत न्हाई."

अण्णा म्हणाले, "तिथं समद्या बायाच असतात जी."

"तंबूची कनात म्हंजे काय भिंत हाय का? बाहेर ऐकू येतंच की."

अण्णांनी पानाचा डबा जवळ ओढला. ते पान लावत राहिले तेवढ्यात तू ठरवलंस. पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिलास आणि ओसरीवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "सांगा त्यांला, न्हाई बोलनार म्हनून." मी तांब्या घेऊन बाहेर गेले. मला वाईट वाटायला हवं होतं. माझ्या मनात तेव्हा एवढंच आलं की ठरलं, आता ठरलं.

लग्न फाल्गुनात धरलं होतं, जत्रा त्याआधी आली. सासऱ्यांची थोरली बहीण, आत्याबाई, मला साडीचोळी करायला म्हणून जवळ्याला आल्या आणि मुक्काम करून राहिल्या. त्या कशासाठी राहिल्या असतील हे कुणी बोललं नाही, पण तू बोलतेस का ते बघायला, असं घरातल्या सगळ्यांनी धरलं. तू त्यांना घेऊन बायांच्या खेळाला आलीस आणि त्यांच्याशेजारी सतरंजीवर बसलीस. मी तुझ्या दुसऱ्या बाजूला. चाचांनी कनातीमागून विचारलं, "भाभी?" तू काही बोलली नाहीस. त्यांनी पुन्हा विचारलं. मग नुसती मशीन फिरायला लागली.

तो तंबू मी आजही डोळ्यांसमोर आणते. पडद्यावर एक बाई तोंड उघडून काही सांगते आहे आणि मशीनच्या खरखरीशिवाय कुठलाच आवाज नाही. आधी बायांना वाटतं, तू मागून उठून येशील. मग एकीनं हाक मारली, "माय, बोल की." दुसरी म्हणाली, "घसा बसला असंल तिचा." तांड्यावरून चालत आलेली एक म्हातारी पुढं बसली होती. ती मागं वळून, डोळ्यांवर हात धरून अंधारात तुला शोधत विचारते आहे, "बाई, काय म्हनून राहिली गं ती? काहून रडून राहिली?" तू माझं मनगट धरलंस. बांगड्या रुतल्या, तरी तू सोडलं नाहीस. मी तुझ्या कानात 'बोल' म्हणाले असते तर तू उठली असतीस, असं मला वाटतं. मी मान खाली घालून बसून राहिले. चित्र संपायच्या आधीच बाया एकेक करून उठायला लागल्या. म्हातारी जाताना तुझ्यापाशी थांबली आणि म्हणाली, "जगली का मेली एवढं तरी सांग." तू पदर तोंडावर ओढून घेतलास.

त्यानंतर बायांचा खेळ कधी झाला नाही. लढाई लागली, मालाची टंचाई आली, मग तंबूही उभा राहायचा थांबला. रझाकारांच्या गडबडीच्या वर्षी गावंच्या गावं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली. आम्हाला सासरच्या नातेवाइकांचं पक्कं घर मिळालं, तुम्ही दोघं दुसरीकडे छावणीत होता. मी निरोप पाठवत राहिले, स्वतः आले नाही. लेकरू लहान आहे, रस्ता बरा नाही, अशी कारणं होती आणि ती खरीही होती. तू तापानं गेलीस ते चार परक्या लोकांना कळल्यावर मला कळलं.

पुढं जवळ्याची एक बाई मला वसमतच्या बाजारात भेटली. छावणीत ती तुमच्या शेजारी होती. तिनं सांगितलं, "संध्याकाळी लेकरं रडाय लागली की तुझी माय दोरीवर पांढरं धोतर वाळत घालायची आन म्हनायची, बसा, हा पडदा. मग समदी चित्रं सांगायची, पयल्यापासून. बापे बी येऊन बसायचे की गं." मी तिच्यासमोरच रडले. तिला वाटलं, तुझ्या आठवणीनं. होतंच तेही. पण तुझा आवाज परत आला तेव्हा माझ्या सासरचं कुणी तिथं नव्हतं आणि मीही नव्हते, हे मला जास्त लागलं.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. त्या संध्याकाळी तंबूतून निघताना तू पुढं गेली होतीस, सतरंज्या गोळा करायला. आत्याबाईंनी मला थांबवलं आणि हळूच विचारलं, "तुझी माय काहून बोलली न्हाई गं? मी तर तेच ऐकाय आलते. आमच्या गावातल्या बाया वरीसभर सांगत असतात तिचं." मी म्हणाले, "घसा बसलाय तिचा." त्या हळहळल्या. जत्रेचे काही दिवस अजून उरले होते. मी तुला सांगितलं असतं तर दुसऱ्याच दिवशी तू उभी राहिली असतीस, आणि आत्याबाईंचा शब्द त्यांच्या भावापुढं टिकेल याचा मला भरवसा नव्हता. म्हणून मी तुला सांगितलं नाही. लग्नाआधी नाही, बाळंतपणाला आले तेव्हा नाही, नदीपलीकडे निरोप पाठवत होते तेव्हाही नाही.

सुना परत यायच्या आत हा कागद मी फाडून टाकणार आहे. तुझ्याकडे पोचवायचा कसा, आणि दुसऱ्या कुणी तो वाचावा असं मला वाटत नाही. एकच राहिलं. मी माहेरी यायचे तेव्हा तू विचारायचीस, "सुखी हायेस ना?" मी दर वेळी बोलणं दुसरीकडे न्यायचे. हो म्हटलं तर ते सुख कशाच्या बदल्यात मिळालं ते माझ्याच तोंडून निघेल, असं वाटायचं. होते गं माय. चांगलं होतं ते घर.