एक वीत खाली आलेली जीप

वन्सं, तुमच्या भावाला विचारून विचारून माझं तोंड दुखलं, म्हणून आता तुम्हालाच विचारते. त्याने जीप खाली का आणली? (नमस्कार राहिला. नमस्कार. तुमची पाठ, भावोजींचा खोकला, तुमच्याकडे असलेल्या सासूबाईंचे गुडघे, सगळं होतं तसंच असेल असं धरून चालते. इकडे खारवलेल्या कोबीचं पिंप भरून झालं, डुक्कर अजून कापायचंय.)

सहा वर्षांपूर्वी ओब्रेनने हीच जीप उंच केली होती. चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये लोखंडी ठोकळे घातले, ट्रॅक्टरला शोभतील असली चाकं लावली. का, तर ओढ्यातले धोंडे गाडीच्या पोटाला लागतात आणि साहेबांना रानडुकराच्या शिकारीला जायचं असतं. (सहा वर्षांत डुक्कर एक. तेही दुसऱ्याने मारलेलं.) मी खोकं ठेवून चढायची, आणि चर्चसमोर उतरताना अख्ख्या गावाला माझे मोजे दिसायचे. थोडी खाली घे म्हटलं की म्हणायचा, "मग ती जीप कसली, कोंबड्यांचं खुराडं होईल." आणि गेल्या सोमवारी हाच माणूस आपणहून वुकाशिनच्या गॅरेजात गेला, ठोकळे काढले, चाकं लहान केली आणि शीळ वाजवत घरी आला. वन्सं, हा माणूस स्वतःच्या लग्नातसुद्धा शीळ वाजवत नव्हता.

विचारलं तर म्हणतो, वळणावर डुलते. सहा वर्षं डुलत होती तेव्हा झोपला होता का? मग वुकाशिनला गाठलं. तो गाडीखाली, पाय तेवढे बाहेर. मी पायांनाच विचारलं, कुणासाठी खाली आणली? आतून आवाज आला, "मिलुंकाताई, मी बोल्ट बघतो, माणसं बघत नाही." खोटारड्याचे पाय हलत होते. घरी येऊन झाडूच्या दांड्याने मापच घेतलं. पायरी आता माझ्या गुडघ्याच्याही वीतभर खाली! म्हणजे ही माझ्यासाठी नाही. माझ्याहून बुटकी कोण? पोस्टातली यागोदा. विधवा आहे, आणि पेन्शनचे कागद द्यायला येते ते गाल रंगवून. तो दांडा घेऊन सरळ पोस्टात गेले. ती म्हणाली, "काय गं मिलुंका, झाडायला आलीस?" म्हटलं, "अजून ठरलं नाही." (म्हणून हे पत्र पोस्टाने नाही, बसवाल्याच्या हाती देतेय.)

पण काल सीटखाली मेंढीच्या कातड्याची नवी गादी सापडली, आणि पुढच्या दाराशी धरायला एक कडी बसवलेली. वन्सं, गाल रंगवणारी बाई कडी धरून चढत नाही. मग मी बोटांवर मोजलं. आपल्या घराण्याच्या संताचा सण तीन आठवड्यांवर आला. आपल्यात त्या दिवशी कुणाला बोलवत नाहीत, ज्याला यायचं तो येतो. सासूबाई सहा वर्षं आल्या नाहीत, कारण जीप उंच. मीही दर वर्षी म्हणत आले, काय करणार, जीपच उंच. (फार वाईट वाटत होतं असं म्हणणार नाही. शेवटच्या खेपेला पाहुण्यांदेखत त्या म्हणाल्या होत्या, सणाची भाकरी सुनेसारखीच फुगली आहे.) मी बोलावलं नाही, त्या आल्या नाहीत, दोघी रिवाजाने वागलो. आता हा रिवाज कोण मोडतंय, ते मला कळलं पाहिजे.

तुमची,
मिलुंका

ता. क. तुम्ही बहीणभाऊ मिळून माझ्यामागे ठरवत असाल तर स्पष्ट लिहा. सासूबाई सणापुरत्या येणार की गाठोडं घेऊन? चुलीजवळची खोली मी सारवून ठेवली आहे. माझ्या मनाने. कुणी सांगितलं म्हणून नाही, आणि हे ओब्रेनला कळवायचं नाही.

आणखी एक. तुमच्या जिन्यावर त्यांचा गुडघा किती वाकतो ते मी पाहिलंय. त्या मानाने पायरी अजून चार बोटं उंच आहे, हे तुमच्या भावाच्या डोक्यात आलेलं दिसत नाही. वुकाशिन म्हणतो अजून खाली आणता येईल, शुक्रवारी त्याला वेळ आहे. सासूबाई असतील तर तीही चार बोटं काढायला लावते. दुसरी कुणी असेल तर ठोकळे परत घालायला लावते, दुप्पट. तेव्हा गुरुवारच्या बसने कळवा, जीप खाली घेऊ की वर.