कमलला ओळखणारा ताप

लोणखेडा, मंगळवार, संध्याकाळ

ताप परत आलाय. दुपारी तपासलं, कोरोनाच. काही वर्षांपूर्वी मला आणि बायकोला, कमलला, तो एकाच आठवड्यात झाला होता. गेल्या महिन्यात मेडिकल कॉलेजच्या आरोग्य शिबिरात दोघांचं रक्त तपासलं, तर तिच्यात प्रतिपिंडं अजून भरपूर, माझ्यात नावापुरती. डॉक्टर म्हणाले, बायकांमध्ये ती जास्त टिकलेली बरेचदा दिसतात, का ते नक्की सांगता येत नाही. आजार एकच, मग माझंच शरीर कसं विसरलं?

मागच्या खोलीत एकटाच पडलो होतो. कमलला येऊ नको म्हटलं होतं, तरी ती तोंड न बांधता पेज घेऊन आली.

"तुले बी व्हई जाई ना," मी म्हणालो.

"तो माले हात लावस नही. माले वळखस तो."

"कोण?"

ती माझ्याकडे बघतच नव्हती, खाटेच्या पायथ्याकडे बघत होती. "मागल्या खेपेले तुम्हना पायथाले बठेल व्हता ना, तोच."

इतकी वर्षं हे ती एकदाही बोलली नव्हती. चेष्टा म्हणावी, तर हसलीही नाही. वाटी ठेवून, पायथ्याची ती जागा टाळून कडेनं निघून गेली.

मी पाय पोटाशी घेतले. थंडी वाजतेय म्हणून, असं स्वतःला सांगितलं. अजून तसेच घेऊन लिहितोय.