लेक तुमची, असं मी बोलून बसलो

भुईगाव, ता. वसई, जि. ठाणे
१४ जून १९९८

रेव्हरंड फादर ॲन्सेल्म यांस,
धाकटा चुलतभाऊ व्हॅलेरियन याचा घरच्या सगळ्यांसह जय ख्रिस्त.

तुमचा गुडघा आता कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं की मिस्सामध्ये गुडघा टेकला की उठताना वेदीचा आधार घ्यावा लागतो आणि लोकांना वाटतं, फादर फारच भक्तिभावाने थांबलेत. वाटू द्या, त्यात चर्चचा तोटा नाही. इकडे आम्ही देवकृपेने ठीक आहोत. सौ. आग्नेसची कंबर दरवर्षी पावसाच्या आधी दुखते, ती यंदाही वेळेवर दुखली. केळी बरी आहेत. विहिरीचं पाणी मात्र आणखी मचूळ झालं. आचोळ्याकडे रोज एक नवी बिल्डिंग उभी राहते आणि तिथल्या लोकांची आंघोळ आमच्या विहिरीतून टँकरने जाते. (तुम्हाला 'तुम्ही' लिहिताना माझा हात अजून अडखळतो. ज्याच्याबरोबर वाडीतल्या बावखलात उघडंबागडं पोहलो, त्याला झगा चढला म्हणून बहुवचन लावायचं. पण आई सांगायची की फादरला अरेतुरे करणारा मेल्यावर स्वर्गाच्या आधी शुद्धिस्थानात जास्त दिवस काढतो, म्हणून जपून असतो.)

आता मूळ विषय. आमच्या रोवेनाला डॉक्टर व्हायचं आहे हे तुम्हाला ती फ्रॉक घालत होती तेव्हापासून ठाऊक आहे. बारावीला मार्क चांगले पडले, पण सरकारी कॉलेजच्या यादीपर्यंत पोचले नाहीत. खाजगी कॉलेजात घालायचं तर वाडी, विहीर आणि त्यांच्यासोबत मी, असे तिघं विकूनही भागलं नसतं. राहिलं ते दक्षिणेतलं मिशनचं मेडिकल कॉलेज. तिथे लेखी परीक्षा असते, तीतून निवडलेल्यांची मुलाखत होते, आणि डॉक्टर झाल्यावर मिशन पाठवेल त्या दवाखान्यात दोन वर्षं काम करावं लागतं. रोवेना लेखी परीक्षेत पास झाली आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. म्हणजे पोरीच्या आयुष्यात एकच दार उघडं राहिलं होतं, आणि त्या दारात पाच परीक्षक बसले होते.

तयारीची जबाबदारी शेजारच्या क्लेमेंटने आपण होऊन घेतली. क्लेमेंटने तरुणपणी गल्फच्या एका कंपनीत मुलाखत दिली होती. नोकरी मिळाली नाही, पण मुलाखत म्हणजे काय हे आळीत त्या एकट्याला ठाऊक असल्यामुळे त्याचा मान मोठा आहे. त्याने रोवेनाला सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, कपाळावर बघायचं, म्हणजे तो आधी घाबरतो. रोवेनाने हसून मान डोलवली आणि पुस्तक घेऊन माळ्यावर गेली. मी मात्र ते मनात ठेवलं. (आग्नेसच्या कपाळाकडे दोन दिवस बघून सराव केला. तिने विचारलं, कुंकू लावायचं राहिलंय का, की मला परत हिंदू करायचा विचार आहे.)

तर आम्ही दोघं दीड दिवस प्रवास करून तिथे पोचलो. व्हरांड्यात देशभरातले बाप आपापल्या मुलांच्या कॉलरी सरळ करत बसले होते. रोवेना आत गेली आणि थोड्या वेळाने बाहेर आली. मी विचारलं, कशी झाली? म्हणाली, ठीक. मी विचारलं, ठीक म्हणजे काय? तेव्हा कळलं की एका डॉक्टरांनी तिला काहीतरी विचारलं आणि तिने 'माहीत नाही, कुणाला तरी विचारावं लागेल' असं उत्तर दिलं. फादर, माहीत नाही असं म्हणायला एवढ्या लांब कशाला यायचं? ते भुईगावात बसूनही म्हणता आलं असतं. ती मात्र शांतपणे डबा उघडून थालीपीठ खायला लागली. मी तिच्या आयुष्याची चिंता करायला सुरुवात करणार, इतक्यात शिपायाने पुकारा केला की पालकांनी आत यावं.

मला याची कल्पना नव्हती. पालकांचीही दोन मिनिटं मुलाखत होते हे क्लेमेंटनेही सांगितलं नव्हतं, कारण गल्फच्या कंपन्या बापाला बोलावत नाहीत. सुकेळ्यांचं पुडकं हातात होतं ते तसंच घेऊन मी आत गेलो. (कुणाच्या दारी रिकाम्या हाताने जायचं नाही ही आपली रीत. आग्नेसने आपल्याच राजेळी केळ्यांची उन्हात वाळवलेली सुकेळी पानात बांधून दिली होती.) आत लांब टेबलामागे पाच वडीलधारी माणसं ओळीने बसलेली. मधे टक्कल पडलेले वृद्ध सर्जन, त्यांच्या बाजूला एक फादर, मग दोन डॉक्टर, आणि कडेला एक सिस्टर. समोर एकच खुर्ची. सर्जनसाहेब इंग्रजीत बोलायचे (माझं इंग्रजी ऑफिसच्या फॉर्मपुरतं), मूळच्या मालवणच्या असलेल्या सिस्टर ते मला मराठीत सांगायच्या आणि माझं उत्तर त्यांना इंग्रजीत.

आता तुम्हाला माझी सवय ठाऊक आहे. विमा कंपनीत मी हेडक्लार्क असलो तरी माझी खरी नोकरी आळीतल्या सोयरिकी जमवणं ही आहे. कुणाच्याही मुलीची बैठक असली की बोलायला मला नेतात. पाच वडीलधारे ओळीने बसलेत, समोर मी एकटा, आणि विषय मुलीचा, हे दृश्य पाहिलं की माझी जीभ आपोआप चालू होते. जित्याची खोड म्हणतात ती हीच. मी पुडकं टेबलावर ठेवलं, सगळ्यांना नमस्कार केला, आणि प्रवासाचा त्रास झाला नाही ना, असं उलट त्यांनाच विचारलं. ते तिथेच राहतात हे नंतर लक्षात आलं.

सर्जनसाहेबांनी पुडक्याकडे संशयाने पाहिलं. लाच वगैरे वाटली असावी. मी खुलासा केला की ही केळी आहेत, आणि ती साल काढून कशी वाळवायची, रात्री दव लागू नये म्हणून कशी झाकायची, हे सविस्तर सांगितलं. सिस्टरनी ते सगळं भाषांतरित केलं. मग सर्जनसाहेबांनी विचारलं की तुम्हाला आम्हाला काही विचारायचं आहे का. हा प्रश्न शिष्टाचाराचा असतो आणि त्यावर 'नाही, थँक्यू' म्हणून उठायचं असतं, असं परतीच्या गाडीत एका केरळी गृहस्थाने मला समजावलं. पण बैठकीत जो मुलीचा बाप काहीच विचारत नाही, त्याला लोक मुलगी गळ्यातून उतरवायला आलेला समजतात. तेव्हा मी विचारलं. इथलं पाणी गोडं की मचूळ? रात्री फाटकाला कुलूप कोण लावतं? तुमच्यात तापट कोण? (यावर चौघांनी एकाच डॉक्टरांकडे पाहिलं.) आणि याआधी आणलेल्या मुलींपैकी किती रागावून माहेरी परत गेल्या?

तरीही इथवर बिघडलेलं मला काही वाटत नाही. बिघडलं ते पुढे. सर्जनसाहेबांनी चष्मा काढला आणि विचारलं, शिक्षणानंतर दोन वर्षं आम्ही पाठवू तिथे तिला जावं लागेल, तुमची तयारी आहे का? फादर, बैठकीत अगदी शेवटी मुलाकडचा कारभारी मुलीच्या बापाला विचारतो, बोला, तुमचा शब्द काय? आणि बाप ठरलेलं वाक्य म्हणतो. मी ते दुसऱ्यांच्या वतीने इतक्यांदा म्हटलंय की झोपेतही म्हणेन. मी उभा राहिलो, छातीवर हात ठेवला आणि म्हणालो, 'लेक आजपासून तुमची. जवळ ठेवा, लांब पाठवा, आम्ही का म्हणून विचारणार नाही.' सिस्टरनी त्याचं भाषांतर केलं. त्यांचा आवाज भरून आला होता, त्यामुळे इंग्रजीत ते माझ्यापेक्षा जास्त शोभलं.

आता आपल्याकडे हे वाक्य झालं की समोरच्या कारभाऱ्याने लगेच म्हणायचं असतं, 'असं कसं, लेक तुमचीच, आम्ही फक्त घेऊन जातो.' मग सगळे हसतात, चहा येतो, आणि मुलगी लग्न होऊन तीन वाड्या पलीकडे जाते आणि दर रविवारी मिस्सानंतर आईकडे जेवते. मी उभाच राहिलो. वाट पाहिली. कुणी काही बोललं नाही. सर्जनसाहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं, फादरांनी मान हलवली, आणि मला जायला सांगितलं.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. त्यांनी उत्तर दिलं नाही याचा अर्थ काय? बैठकीच्या शास्त्राप्रमाणे समोरच्याने उत्तर टाळलं की त्यांच्या मनात दुसरी मुलगी आहे असं समजावं. पण त्यांनी सुकेळी ठेवून घेतली, आणि वस्तू ठेवून घेतली की सोयरीक होते. पण ती त्यांनी ठेवून घेतली की मी उचलायला विसरलो? मी घरी आग्नेस, क्लेमेंट आणि तीन रिकाम्या खुर्च्या ओळीने मांडून सगळी मुलाखत पुन्हा करून पाहिली. क्लेमेंट म्हणाला, तू कपाळाकडे बघितलंस का? मी आठवून पाहिलं. सर्जनसाहेबांच्या टकलामुळे कपाळ कुठे संपतं हेच कळत नव्हतं. आग्नेसने विचारलं, मुलाखत पोरीची होती की तुझी? मी रिकाम्या खुर्च्या उचलून ठेवल्या. रोवेनाचा तर आपली मुलाखत कशी झाली यावर विचार करायचा विचारच दिसत नाही. ती खाते, झोपते, आईला पाणी भरू लागते. मी रात्री जेवताना मधेच 'आम्ही का म्हणून विचारणार नाही' हे वाक्य निरनिराळ्या सुरांत म्हणून पाहतो. एका सुरात ते फार उद्दाम वाटतं, दुसऱ्या सुरात पोरीला घालवून द्यायची घाई दिसते. असा बाप पाहून कोण तिला सीट देईल?

तुम्ही बिशपांच्या ओळखीचे, आणि बिशपांची त्या कॉलेजच्या मंडळात ऊठबस, हे सगळं मला माहीत आहे. पण शिफारस करा म्हणून मी हे पत्र लिहीत नाही. वशिल्याने डॉक्टर झालेल्याच्या हातून इंजेक्शन घ्यायला मी स्वतः तयार नाही. तुम्ही फक्त प्रार्थना करा, आणि तीही नाव न घेता केली तरी चालेल, देवाला कळेल.

गुडघ्याला तीळतेल लावत जा. आग्नेसने नमस्कार सांगितला आहे.

तुमचा आशीर्वाद मागणारा
व्हॅलेरियन

ता. क. हे पत्र लिहून तिकिटाअभावी चार दिवस पडून राहिलं, आणि आज ते टाकायच्या आत क्लेमेंटच्या फोनवर त्या मालवणच्या सिस्टरचा फोन आला. रोवेनाला सीट मिळाली. सिस्टर म्हणाल्या, गुणांनी ती काठावर होती. तिचं 'माहीत नाही' सर्जनसाहेबांना आवडलं, आणि तुमचं बोलणं ऐकून तर सगळेच गहिवरले. आसामच्याही पुढे डोंगरात त्यांचा एक दवाखाना आहे. पावसात तिथला रस्ता बंद होतो आणि कुणाचे आईबाप मुलीला तिकडे पाठवायला तयार होत नाहीत, म्हणून त्या दवाखान्याच्या वाट्याची सीट रिकामी जात होती. ती त्यांनी हिला दिली. म्हणजे फादर, पोरगी माझ्या त्या एका वाक्यावर डॉक्टर होणार. रोवेनाने ॲटलास उघडून मला ते ठिकाण बोटाने दाखवलं. तिने बोट उचललं तर खाली काहीच लिहिलेलं नव्हतं.

आणखी एक ता. क. वर शिफारशीबद्दल जे लिहिलंय ते खोडायला जागा नाही म्हणून तसंच ठेवलंय. ते वाचू नका. बिशपांना जरूर भेटा. सीट सोडायची नाही, दवाखानाही तोच राहू दे, फक्त तो थोडा अलीकडे आणता आला तर पाहा. निदान नाशिकपर्यंत. तुम्हाला खरं सांगतो, इतके दिवस मी मुलाखत बिघडली म्हणून तळमळत होतो असं मला वाटत होतं. आज फोन ठेवल्यावर कळलं की ती बिघडली नसेल तर काय, या भीतीने तळमळत होतो. मला ही एकच मुलगी आहे. आपल्याकडे ते वाक्य कुणी खरं करायला म्हणत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, तिकडच्या लोकांना कोण सांगणार?

शेवटचा ता. क. हे पत्र वाचून फाडून टाका, आणि सुट्टीत आलात तर रोवेनासमोर यातलं काही काढू नका. फोनवर सिस्टरनी तिला माझं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. ती येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बराच वेळ उभी होती. तिला वाटतंय, पप्पा ते मनापासून बोलले.