मर्नाचं शेत कॉम्प्युटरवर उतरवलं त्याची हकिकत

डुलुथ, मिनेसोटा
११ नोव्हेंबर

चि. ब्रिटा,

बाबांचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. सरोवरावरून असा वारा सुटलाय की टोपी धरूनच चालावं लागतं. शेजारची व्हर्ला अजून भट्टीत भाजलेल्या बटाट्या-मांसाच्या हॉटडिशचं भांडं आणून देते आणि मी खाल्लं का, हे स्वतः फ्रीज उघडून बघते.

आता तुझ्या त्या हातातल्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटविषयी. उन्हाळ्यापासून तू ‘बाबा, टपालाने पाठवा ना’ म्हणून मागे लागली आहेस आणि मी टोलवतोय. थंडीने आतला सेल मरेल, हे मी आपलं ठोकून दिलं होतं. पण सेलचं खरंच निघालं की गं! आत नाण्याएवढा सेल असतो, तो संपला की राखून ठेवलेला सगळा खेळ पुसला जातो. परवा खेळातलं शेत उघडेचना. तिसऱ्या खेपेला उघडलं तेव्हा कुठे जिवात जीव आला.

दुकानदार म्हणाला, सेल बदलण्याआधी आतलं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. त्यासाठी एक डबी मिळते. तिच्यात कॅसेट खोचायची आणि तिची वायर कॉम्प्युटरला लावायची. मी लावली. कॉम्प्युटर म्हणे, आत काहीच नाही.

“फुंकर मार,” व्हर्ला म्हणाली.

“फुंकरीने काय होतंय?”

“माझ्या पोरांनी जन्मभर तेच केलं. मार.”

मारली. तरी काही नाही. मग कळलं, कॅसेट उलटी खोचली होती. सुलटी केल्यावर दोन बटणं आली, एक कॅसेटमधून कॉम्प्युटरवर घ्यायचं आणि दुसरं कॉम्प्युटरवरून कॅसेटमध्ये भरायचं. व्हर्ला दुसऱ्यावर बोट ठेवून, “दाब, कशाला एवढा विचार करतोस?” दाबलं असतं तर कॉम्प्युटरवरचं रिकामं कॅसेटवर चढलं असतं आणि सगळं स्वाहा. मी जन्मात पहिल्यांदा तुझ्या आईसारखा चष्मा लावून सूचना वाचल्या, म्हणून वाचलो.

एवढा आटापिटा कशासाठी, विचारशील. त्या कॅसेटमध्ये खेळ राखून ठेवायच्या तीन जागा आहेत. पहिलीवर तुझं शेत, गाजरं वाळून गेलेलं. दुसरीवर नाव आहे ‘मर्ना’. होय, तुझी आई. ‘डोळे फुटतील’ म्हणून तुझ्या हातून खेळ काढून घ्यायची ना, ती तू शाळेत गेल्यावर खेळत बसायची. मलाही ती गेल्यावरच कळलं. काय शेत आहे! कोबी रांगेत, कुंपण रंगवलेलं. आणि दिवसभर लोळणाऱ्या डुकराचं नाव हॅल्वर, म्हणजे माझंच. मी रोज सकाळी कॉफी घेऊन बसतो आणि त्या हॅल्वरला खायला घालतो. तिच्या हातचं एवढंच चालू राहिलेलं आहे, ब्रिटा. तिचे कपडे तर सगळे व्हर्लाने चर्चला देऊन टाकले.

उतरलं सगळं. सेलही बदलला, आणि मग ते दुसरं बटण दाबून सगळं परत कॅसेटमध्ये भरलं. कॅसेट याच पाकिटात आहे. दुसरी जागा आधी उघड.

आता टोलवायला काही उरलं नाही, म्हणून सरळ लिहितो. ‘थँक्सगिव्हिंगच्या सणाला येऊ का?’ असं तू फोनवर विचारलंस. मी म्हणालो, ‘कशाला एवढा त्रास?’ तू पुन्हा विचारलंस. मी म्हणालो, ‘माझं छान चाललंय.’ आणि तू ‘बरं’ म्हणून फोन ठेवलास! अगं, फीनिक्सला राहून इतकं विसरलीस? आपल्याकडे दोनदा नाही म्हणायचं असतं आणि समोरच्याने तिसऱ्यांदा विचारायचं असतं. मी फोन हातात धरून उभाच. व्हर्ला म्हणाली, “मग तूच कर की फोन.” ते काही जमलं नाही. फोनवर मी पुन्हा ‘कशाला त्रास’च म्हणालो असतो.

कागदावर तसं होत नाही. कॅसेट तुझ्याकडे पोचली, म्हणजे ती न्यायला यायचं कारण काही उरलेलं नाही. तरी ये.

वाट बघणारा,
बाबा