अण्णांच्या गाडीचा थर्मोस्टॅट

५ एप्रिल, रविवार
पुढच्या महिन्यात अण्णांना जाऊन वर्ष होईल. आज वहिनींनी स्पष्टच सांगितलं, ‘वर्षाच्या कार्यक्रमापर्यंत गाडी चालू झाली तर तुम्ही घेऊन जा, भाऊजी. नाहीतर वैरागचा तो आडत्या ऋतुराज मागतोय, त्याला देऊन टाकते.’
माझ्या थोरल्या भावाची दोन सीटची लाल स्पोर्ट्स कार वैरागच्या आडत दुकानापुढे उभी राहणार. शक्य नाही.
दोष मला माहीत आहे. सात रस्ता चौकापर्यंत गेलं की तापमानाचा काटा लाल रेघेवर. म्हणजे थर्मोस्टॅट अडकला. इंजिन तापलं की पाण्याला वाट करून देणारी झडप, एवढंच ते. मिस्त्रीकडे जाणार नाही. अण्णा म्हणायचे, ‘हिचं बॉनेट आपल्या दोघांशिवाय कुणासाठी उघडत नाही. सगळं ओरिजिनल आहे.’ रविवारी ते काम करायचे, मी टॉर्च धरायचो. इंजिन मला पाठ आहे.

११ एप्रिल
पार्ट आला. गरम पाण्यात उघडला तर चांगला, असं व्हिडिओत आहे. पातेल्यात उकळत ठेवला. ही आली, डोकावली, म्हणाली, ‘आपल्या घरात अंडं?’ समजावलं. पातेलं दुधाचं होतं, हे आधी सांगायला हवं होतं तिने.
थर्मोस्टॅट उघडला. काम जवळजवळ झालंच.

१२ एप्रिल, रविवार
सकाळी. नाश्त्यापर्यंत संपवणार.
दुपारी. एक बोल्ट तुटला. तो तुटणारच होता. कूलंट घमेल्यात धरलं, घमेलं वहिनींच्या जास्वंदीवर कलंडलं.
संध्याकाळी. कव्हर उघडलं. आत थर्मोस्टॅटच नाही. अडकलेला नाही, मोडलेला नाही. नाहीच. मोकळं भोक. चोरी झाली आहे.

१३ एप्रिल
अण्णांच्या ओळखीच्या, होटगी रोडच्या बिरुदेव मिस्त्रीवर संशय होता. जाऊन शांतपणे विचारलं. तो हसला. ‘चोरी कसली सायेब, अण्णांनीच काढाय लावला की. लई वर्षं झाली. सोलापूरच्या उन्हात त्यो कशाला पायजे? आमी समद्याच गाड्यांचा काढतो. काय बी झालं की गाडी हितंच यायची.’ मग म्हणाला, ‘धाकट्याला बोलू नगं म्हनले हुते. त्याला वाटतं, त्योच बघतो गाडी.’ निघताना वर म्हणाला, ‘तिचा पंखा फिरत न्हाय. म्हनून तापतीया. तेवढं बघा.’
पंख्याचं विचारायला मी गेलो नव्हतो. माणूस गेला की त्याच्या नावावर काहीही खपवता येतं.

१६ एप्रिल
वहिनींना सहज विचारलं. त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, ‘माहीत होतं की. तुम्ही यायच्या आधी हे हाताला ग्रीस लावून बसायचे. मी म्हणायची, कशाला हे नाटक? तर म्हणायचे, त्या निमित्तानं येतो तरी.’
मी बरं म्हणालो. राग आलेला नाही. फक्त जेवलो नाही. वर्षभर बाथरूममध्ये नळ सोडून ज्या माणसासाठी रडलो, त्याला एकदा सांगता आलं नसतं?

२६ एप्रिल, रविवार
नवा थर्मोस्टॅट बसवायचाच. कंपनीने दिलाय म्हणजे लागतोच. अण्णा चुकले, हे आता गाडीच सांगेल.
बसवला. स्प्रिंग वरच्या बाजूला ठेवली, तशीच बरोबर वाटते. व्हिडिओ बघायला हात धुवावे लागले असते. पंखा बघितला नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

३ मे, रविवार
मोहोळपर्यंत ट्रायल. वहिनींना मुद्दाम शेजारी बसवलं.
बाळे गाव यायच्या आत काटा लाल रेघेवर. वहिनी म्हणाल्या, ‘भाऊजी, थांबू या का?’ मी म्हणालो, काटा खराब आहे. मग वाफ आली. त्या नाकाला पदर लावून म्हणाल्या, ‘हीपण काट्यातूनच येतीय का?’
इंजिन जाम झालं. टेम्पोला बांधून आणली. मोहोळचा रस्ता खराब आहे.

१० मे, रविवार
ऋतुराज गाडी न्यायला आला. न्यायच्या आधी आपल्या पेटीतले पाने काढून त्याने कव्हर उघडलं. मग विचारलं, ‘थर्मोस्टॅट उलटा कुणी बसवला?’
मी म्हणालो, ‘अण्णांनी. गाडीचं सगळं तेच बघायचे. मी कधी हात लावला नाही.’
वहिनी माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ऋतुराजला म्हणाल्या, ‘हो, ह्यांनीच बसवला होता.’
त्यांना खरंच तसं वाटत असावं.